नेटवर्क सायन्समधली पगारी पीएचडी: आधी पैशाचा माग काढा

पीएचडीची जागा शोधायला बसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा विद्यापीठांच्या क्रमवारीपासून सुरुवात करतो. पगारी जागा हवी असेल तर ही सुरुवात चुकीची आहे. पहिला प्रश्न वेगळा असायला हवा: या जागेचा पगार कोणाच्या खिशातून येणार? अर्ज कोणाला करायचा, कोणत्या महिन्यात करायचा, प्राध्यापकांना ईमेल पाठवून उपयोग आहे का, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

असे खिसे तीन. पहिला प्राध्यापकांच्या प्रकल्पाचा. जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क इथे पीएचडी म्हणजे बहुतांशी सरळ नोकरी असते. करार, पगार, रजा, विमा सगळं असतं आणि जागेची जाहिरात निघते. ती वर्षभरात कधीही येते, साधारण तीन ते सहा आठवडे उघडी असते आणि निवड मुख्यतः ते प्राध्यापकच करतात. दुसरा खिसा विभागाचा किंवा संस्थेचा. अमेरिकेतली विद्यापीठं, ऑस्ट्रियातली आयएसटीए ही संशोधन संस्था, व्हिएन्नातल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीचा नेटवर्क सायन्सचा पीएचडी कार्यक्रम हे या प्रकारातले. वर्षातून एकदा अर्ज, समिती निवडते, प्राध्यापक नंतर ठरला तरी चालतो. तिसरा खिसा तुमच्या स्वतःच्या नावावरचा, म्हणजे जेआरएफसारखी फेलोशिप. ती हातात असली की गाइड शोधणं खूप सोपं होतं, कारण तुम्ही त्यांच्याकडे पैसे मागायला जात नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो हे खिसे एकमेकांत मिसळल्यामुळे. समिती निवडते तिथे प्राध्यापकांना पन्नास ईमेल पाठवले जातात, आणि जिथे एका योग्य वेळच्या ईमेलने काम झालं असतं तिथे वार्षिक अर्जांच्या डिसेंबरची वाट बघितली जाते.

विषयाचं नाव आणि विभागाचं नाव

'नेटवर्क' हा शब्द टाकून शोधलंत तर राउटर, ५जी आणि न्यूरल नेटवर्कच्या जागांचा ढीग समोर येईल. नेटवर्क सायन्स म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे याच्या रचनेचा अभ्यास: साथ कशी पसरते, अफवा कुठून फुटते, वीजजाळं कुठे तुटतं. जाहिरातीत हे काम 'कॉम्प्लेक्स नेटवर्क्स', 'कॉम्प्लेक्स सिस्टिम्स', 'कॉम्प्युटेशनल सोशल सायन्स', 'ग्राफ मायनिंग', 'टेम्पोरल नेटवर्क्स', 'हायपरग्राफ', 'एपिडेमिक मॉडेलिंग', 'ह्यूमन मोबिलिटी' अशा नावांखाली येतं. ही सगळी नावं इंग्रजीत लिहून प्रत्येकाचा वेगळा अलर्ट लावा.

हे काम कुठल्याही एका विभागात बसत नाही, हेही ध्यानात ठेवा. कुणाचा गट संगणकशास्त्रात, कुणाचा भौतिकशास्त्रात, कुणाचा गणितात, तर कुणाचा समाजशास्त्रात. फरक फक्त पाटीचा नाही. जर्मनीत पगार टीव्ही-एल ई-१३ (TV-L E13) या सरकारी वेतनश्रेणीने ठरतो आणि जाहिरातीत त्याचे टक्के दिलेले असतात. संगणकशास्त्रात बहुधा पूर्ण १०० टक्के मिळतात, भौतिकशास्त्रात आणि सामाजिक शास्त्रांत ५० ते ७५ टक्क्यांचे करार सर्रास दिसतात. काम मात्र दोन्हीकडे पूर्ण वेळेचंच असतं. त्यामुळे तोच विषय, त्याच शहरात, दुसऱ्या विभागात घेतला तर महिन्याचा हिशेब बदलतो.

पैसा मंजूर झाला की जागा निघते

जाहिरात हा साखळीचा शेवटचा दुवा आहे. आधी अनुदान मंजूर होतं, मग काही महिन्यांनी जागा निघते. मंजूर अनुदानांच्या याद्या सार्वजनिक असतात आणि त्या उघडून बघणारे अर्जदार फार थोडे.

युरोपियन युनियनच्या पैशावरचे संशोधन प्रकल्प कॉर्डिस या डेटाबेसमध्ये आहेत. तिथे आपला विषय टाका आणि गेल्या वर्षभरात सुरू झालेले किंवा लवकरच सुरू होणारे प्रकल्प गाळून घ्या. ईआरसीचं (युरोपियन रिसर्च कौन्सिल) स्टार्टिंग ग्रँट दिसलं तर थांबून नीट वाचा. ते ५ वर्षांचं असतं, रक्कम साधारण १५ लाख युरोपर्यंत, आणि त्यातला मोठा भाग पीएचडी विद्यार्थी व पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) यांच्या पगारावर जातो. स्टार्टिंग ग्रँट मिळवणारे प्राध्यापक बहुधा नव्याने गट बांधत असतात, म्हणजे त्यांना माणसं हवी असतात. जर्मनीसाठी डीएफजी या अनुदान संस्थेचा गेप्रिस, ब्रिटनसाठी 'गेटवे टू रिसर्च', अमेरिकेसाठी एनएसएफ या अनुदान संस्थेचा अवॉर्ड सर्च हे डेटाबेस असेच उघडता येतात. प्रकल्पाच्या सारांशात 'दोन डॉक्टरल विद्यार्थी' असा उल्लेख असला तर त्या प्राध्यापकांचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा.

रोजच्या जाहिरातींसाठी युरॅक्सेस हे संकेतस्थळ सगळ्या युरोपला पुरतं. नेदरलँड्ससाठी अकॅडेमिक ट्रान्सफर, नॉर्वेसाठी जॉबनोर्गे आणि ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके आहेत. नेटसाय ही या विषयाची वार्षिक परिषद २००६ पासून भरते. तिच्या कार्यक्रमपत्रिकेत कोणत्या गटातून किती जण बोलायला आले ते पाहिलं की कुठे माणसं आणि पैसा दोन्ही आहेत, याचा अंदाज येतो.

युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारं मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्क हा प्रकार वेगळा समजून घ्या, कारण आपल्याकडच्या अर्जदाराला त्याचा नियम अनुकूल आहे. अनेक देशांतल्या संस्था मिळून एक नेटवर्क उभारतात आणि साधारण दहा-पंधरा जागा एकत्र जाहीर करतात. अट अशी की नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत त्या यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं किंवा मुख्य काम केलेलं नसावं. पुण्यात किंवा पणजीत बसून अर्ज करणाऱ्याला सगळेच देश मोकळे. जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स नुकतंच संपवलेल्याला मात्र त्याच नेटवर्कमधली जर्मन जागा मिळणार नाही, डच किंवा इटालियन जागा मिळू शकेल. ही अट न वाचता केलेले अर्ज गुणवत्ता न बघताच बाजूला पडतात. आणखी एक: यातल्या अनेक जागांचा पैसा ३६ महिन्यांचा असतो, तर नेदरलँड्समध्ये पीएचडी ४ वर्षांची. चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार हे मुलाखतीतच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

जाहिरात वाचताना

आधी पात्रता बघा. चार वर्षांच्या बीई किंवा बीटेकवर युरोपातल्या बहुतेक पगारी जागांना अर्ज करता येत नाही, मास्टर्स लागतं. अपवाद आहेत. जर्मनीतला सीएस ॲट मॅक्स प्लांक हा कार्यक्रम आणि आयएसटीए बॅचलर्सवरही प्रवेश देतात. आयएसटीएची मुदत अनेक वर्षं ८ जानेवारी राहिली आहे.

मग मुदत आणि कामाचा वाटा. नॉर्वेत ३ वर्षं, किंवा २५ टक्के अध्यापनासारखं विभागाचं काम धरून ४ वर्षं. स्वीडनमध्ये संशोधन ४ वर्षांचं, पण २० टक्क्यांपर्यंत विभागाचं काम असल्यास एकूण काळ ५ वर्षांपर्यंत जातो. डेन्मार्कमध्ये मास्टर्सनंतर ३ वर्षं. नेदरलँड्समध्ये आधी वर्ष-दीड वर्षाचा करार आणि मूल्यमापनानंतर उरलेला काळ, अशी पद्धत आहे. त्या पहिल्या मूल्यमापनात नापास होणारे कमी असले तरी ते नावापुरतं नसतं.

आणि शेवटी बारीक अक्षरं. 'सेल्फ-फंडेड' किंवा 'काँपिटिटिव्ह फंडिंग' असं लिहिलं असेल तर पैसा अजून मंजूर झालेला नाही असं समजा. ब्रिटनमध्ये 'होम फी ओन्ली' (फक्त स्थानिक विद्यार्थ्यांची फी भरली जाईल) हे शब्द शोधा. यूकेआरआय या सरकारी अनुदान संस्थेच्या पैशावर २०२१ पासून परदेशी विद्यार्थी घेता येतात, पण त्यांची संख्या मर्यादित असते आणि होम फी व परदेशी फी यांतला फरक विद्यापीठ भरणार की तुम्ही, हे जागेगणिक बदलतं. हा फरक वर्षाला काही लाख रुपयांत जातो.

युरोपातल्या पगारी जागेला अर्ज करताना सहसा पैसे लागत नाहीत. जागा मिळवून देतो म्हणून, पेपर छापून देतो म्हणून कुणी रक्कम मागितली तर तिथेच थांबा. पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमधला पेपर बायोडेटात असला की निवड करणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो, आणि त्याने अर्ज सुधारत नाही, बिघडतो.

एक काम, नीट केलेलं

अर्जात सगळ्यात जास्त वजन कशाला येत असेल तर उघडून तपासता येईल अशा एका छोट्या कामाला. दहा ऑनलाइन सर्टिफिकेटांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे. मुंबई लोकलचं उदाहरण घेऊ.

स्थानकं म्हणजे नोड, जाळ्यातले बिंदू. एज, म्हणजे दोन नोडांमधला दुवा, कशाला म्हणायचं, हे तुम्हीच ठरवायचं, आणि विषयाची समज इथेच दिसते. लागून असलेली दोन स्थानकं जोडली तर धीम्या मार्गावरच्या दादरला चार शेजारी मिळतात: पश्चिमेवर प्रभादेवी आणि माटुंगा रोड, मध्यवर परळ आणि माटुंगा. एकाच गाडीने न बदलता जाता येणारी कोणतीही दोन स्थानकं जोडली, तर दादर दोन्ही मार्गांवरच्या जवळजवळ प्रत्येक स्थानकाला जोडलं जातं. पहिल्या व्याख्येत अंतर म्हणजे किती स्थानकं पुढे जायचं, दुसऱ्या व्याख्येत अंतर म्हणजे किती गाड्या लागतील. २००३ साली कोलकात्याच्या संशोधकांनी भारतीय रेल्वेचं जाळं तपासताना दुसरी व्याख्या वापरली होती. दोन्ही करून बघा, उत्तरं का बदलतात ते अर्ध्या पानात लिहा. हे अर्धं पान मुलाखतीत वीस मिनिटांचं बोलणं पुरवतं.

आता चुका कुठे होतात ते. क्लस्टरिंग, म्हणजे एका नोडचे शेजारी आपसातही जोडलेले असण्याचं प्रमाण, जास्त आलं म्हणून आनंदून जाऊ नका. प्रत्येक नोडची डिग्री (त्याला किती एजेस आहेत ती संख्या) तीच ठेवून एजेस यादृच्छिकपणे बदललेली शेकडो नेटवर्क्स बनवा आणि त्यांच्याशी तुलना करा. ही तुलना नसेल तर आकड्याला अर्थ नाही. डिग्रीचं वितरण लॉग-लॉग आलेखावर काढून त्यातून सरळ रेघ ओढायची आणि पॉवर लॉ (थोड्या नोडांना प्रचंड एजेस, बाकीच्यांना मोजक्या, असं वितरण) म्हणायचं, ही या विषयातली सगळ्यात ओळखीची चूक. क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन यांनी २००९ मध्ये पॉवर लॉ खरंच आहे का ते तपासण्याची सांख्यिकी पद्धत मांडली. तिच्यात लॉगनॉर्मलसारख्या दुसऱ्या वितरणांशीही तुलना करावी लागते. शे-दीडशे स्थानकांच्या जाळ्यात तर असा दावा करूच नये, तेवढा डेटाच नाही. कम्युनिटी, म्हणजे आपसात दाट जोडलेले नोडांचे गट, शोधताना लूव्हेन पद्धत प्रत्येक वेळी थोडी वेगळी विभागणी देते आणि कधी आतून तुटलेल्या कम्युनिटीही देते. अशा तुटलेल्या कम्युनिटींवर उपाय म्हणून २०१९ मध्ये लायडन पद्धत आली. कोणतीही वापरा, पण अनेक वेळा चालवा, रँडम सीड (यादृच्छिकतेचा सुरुवातीचा आकडा) लिहून ठेवा आणि निकाल किती स्थिर आहेत ते दाखवा.

लहान नेटवर्कला पायथनची नेटवर्कएक्स लायब्ररी पुरते. लाखो एजेस असतील तर आयग्राफ किंवा ग्राफ-टूल घ्या. कोड गिटहबवर ठेवा, डेटा कुठून आणला आणि काय गाळलं ते रीडमीमध्ये लिहा, आणि दुसऱ्याच्या मशीनवर एकदा चालवून पाहा. अपलोड केलेला पण न चालणारा कोड नसलेल्या कोडपेक्षा जास्त नुकसान करतो.

ईमेल आणि शिफारस

जाहिरात निघालेली असेल तर ईमेल फक्त खऱ्या शंकेसाठी, बाकी सगळं पोर्टलवर. जाहिरात नसेल पण अनुदान नुकतंच मंजूर झालेलं दिसलं असेल, तर ईमेल जरूर पाठवा. दहा-बारा ओळींचा. त्याचा गाभा साधारण असा असावा: 'तुमच्या गटाच्या अमुक पेपरमध्ये संपर्कांचा क्रम बदलला की प्रसाराचा वेग बदलतो असं दाखवलं आहे. मी लोकलच्या वेळापत्रकावर तीच फेरमांडणी करून पाहिली. गर्दीच्या वेळात परिणाम दिसला, दुपारी दिसला नाही. कोड इथे आहे. तुमच्या नव्या प्रकल्पात पीएचडीची जागा निघणार आहे का?' त्यात तुम्ही केलेलं, तुम्हाला सापडलेलं खरं उत्तर हवं. 'रिस्पेक्टेड सर' आणि त्यांच्या थोर कार्याची स्तुती नको. विषयाच्या ओळीत प्रकल्पाचं नाव लिहा. दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. उत्तर न येणं हा तुमच्या कुवतीवरचा निकाल नसतो, अशा ईमेलांची संख्याच फार असते.

शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचं याबाबत आपल्याकडे एक घातक सवय आहे, ती म्हणजे विभागप्रमुखांचं पत्र. ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्या लेटरहेडवरच्या 'हुशार आणि मेहनती'ने काही हलत नाही. प्रबंधाचे गाइड, ज्यांच्या प्रकल्पात सहा महिने काम केलं ते संशोधक, किंवा कंपनीतले तांत्रिक वरिष्ठ, यांच्याकडे जा. मुदतीच्या चार आठवडे आधी त्यांना बायोडेटा, तुमच्या कामाचा सारांश आणि कोणत्या जागेला कधीपर्यंत पत्र हवं याचा तक्ता द्या. अमेरिकेतली अनेक पोर्टलं संस्थेच्या ईमेल पत्त्यावरून आलेलं पत्र मागतात. सरांचा जीमेल पत्ता भरण्याआधी एकदा विचारून घ्या.

गुण मूळ मोजमापातच लिहा, १० पैकी असेल तर १० पैकी. स्वतःच ४ पैकी बदलून लिहिलेला आकडा संशय निर्माण करतो. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टला महिनाभर धरा. दीक्षान्त समारंभ लांबला असेल तर प्रोव्हिजनल प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

अमेरिका आणि आपल्याकडे

अमेरिकेत बीईवर थेट पीएचडीला अर्ज होतो. फी माफ होते, आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमधून स्टायपेंड मिळतो. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नमध्ये नेटवर्क सायन्सचाच स्वतंत्र पीएचडी कार्यक्रम आहे. ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात कॉम्प्लेक्स नेटवर्क्सचा जुना गट आहे. मुदती बहुधा १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असतात. प्रत्येक अर्जाला साधारण ७५ ते १५० डॉलर लागतात, म्हणून फी माफीची विनंती पैसे भरण्यापूर्वी करा, भरल्यावर परत मिळत नाहीत. आठ ठिकाणी अर्ज करायचे असतील तर हा खर्च ऑगस्टमध्येच मांडून बघा.

भारतात राहून करायचं असेल तर यूजीसी नेटचा जेआरएफ हा सगळ्यात भक्कम आधार आहे. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००, त्यावर घरभाडे भत्ता. आयआयटींमध्ये गेटवर टीचिंग असिस्टंटशिप किंवा प्रकल्पावरची जागा मिळते. नेटवर्कवरच काम करायचं तर आयआयटी खरगपूरचा कॉम्प्लेक्स नेटवर्क्स गट आणि चेन्नईची आयएमएससी (इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस) आधी बघा. सिद्धान्ताकडे ओढा असेल तर मुंबईत टीआयएफआर आहे. महाराष्ट्रात सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्था आपापल्या समाजगटांतल्या विद्यार्थ्यांना पीएचडी फेलोशिप देतात. त्यांचा क्रम उलटा असतो: आधी विद्यापीठात नोंदणी, मग त्यांच्या जाहिरातीनुसार अर्ज. म्हणून नोंदणीनंतर पैसे हातात पडेपर्यंतच्या महिन्यांची सोय आधीच करून ठेवा. कागद अपुरे असल्याने किंवा जाहिरात लांबल्याने अनेकांचे हाल होतात, आणि त्यात त्या विद्यार्थ्यांचा काही दोष नसतो.

मुलाखत, आणि तुम्ही विचारायचे प्रश्न

युरोपातली मुलाखत बहुधा व्हिडिओवर, ४५ मिनिटं ते तासभर. पहिली दहा-पंधरा मिनिटं तुमच्या मास्टर्सच्या कामावर. सहा-सात स्लाइड पुरे, त्यातली एक 'काय जमलं नाही आणि का' याची ठेवा. कधीकधी दोन दिवस आधी एक पेपर पाठवून त्यावर मत विचारतात. तिथे सारांश सांगत बसू नका, एक उणीव आणि ती तपासायचा एक मार्ग सांगा.

नंतर तुमची पाळी. गटातले मागचे विद्यार्थी किती वर्षांत पूर्ण झाले? मधेच किती जणांनी सोडलं? प्रकल्प संपला आणि प्रबंध राहिला तर पगार कुठून? जर्मनीत करार अनेकदा वर्षा-वर्षाने वाढतो आणि डॉक्टरेटपूर्वी अशा मुदतीच्या करारांना कायद्याने ६ वर्षांची कमाल मर्यादा आहे, म्हणून तिथे हा प्रश्न हवाच. आठवड्यातून किती वेळा भेट होते, प्राध्यापकांशी की पोस्टडॉकशी? मग त्याच गटातल्या सध्याच्या किंवा जुन्या दोन विद्यार्थ्यांना वेगळं लिहा. प्राध्यापकांच्या उत्तराशी त्यांचं उत्तर जुळत नसेल तर विद्यार्थ्यांचं खरं धरा.

ऑफर आली आणि दुसरीकडचा निकाल बाकी असला तर गप्प राहू नका. युरोपात एक-दोन आठवड्यांची मुदत उघडपणे मागता येते, आणि दुसऱ्या गटाला 'मला अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे' असं कळवलं की त्यांचा निर्णयही लवकर येतो. अमेरिकेत बहुतेक विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरवर १५ एप्रिलपर्यंत विचाराला वेळ देण्याचं मान्य करतात. होकार देण्याआधी पगाराची श्रेणी, टक्के, कराराची मुदत आणि रुजू होण्याची तारीख लेखी मागवा. जर्मनीसाठी एपीएस (भारतीय पदव्यांची पडताळणी केल्याचं) प्रमाणपत्र विद्यार्थी व्हिसाला लागतं. तुम्ही नोकरीच्या करारावर जात असाल तर ते लागेल का, हे विद्यापीठाच्या एचआरला त्याच ईमेलमध्ये विचारा. व्हिसाच्या अपॉइंटमेंटला लागणारे आठवडे धरूनच रुजू होण्याची तारीख ठरवा. ती दोन महिने पुढे ढकलायला प्रकल्पवाले सहसा तयार असतात, फक्त करारावर सही होण्याआधी सांगायला हवं.